अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांतली बाई

ज्या बाईविषयी हे लिहायला बसलोय, तिचं नाव मी लिहिणार नाही. विसरलो म्हणून नाही. वीस वर्षं ते नाव मी रोज घेतलंय. पण लिहिण्याआधी तिच्या लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, "कागदावर नगं. ज्याला पायजे त्यानं तिच्याच तोंडून ऐकावं." तशी सोय आहे. जुन्या काळच्या तबकड्यांवर गाणं संपलं की गाणारा घाईघाईनं आपलं नाव सांगायचा, कुणी गायलं ते पुढच्यांना कळावं म्हणून. ही बाईही सांगते. नाव सांगते, आणि गाव सांगायच्या आतच तबकडी संपते.

मी टर्नर. पिंपरीतल्या एका कंपनीत टूलरूमला छत्तीस वर्षं लेथवर उभा होतो. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरी नाही. पण मायक्रोमीटर कसा धरायचा हे मी डिप्लोमावाल्यांना शिकवलंय आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. केसाच्या दहाव्या भागाएवढा फरक माझ्या बोटाला कळायचा. साहेब लोक ड्रॉइंग घेऊन माझ्याकडे यायचे, मी त्यांच्याकडे जात नसे.

रिटायर झाल्यावर थेरगावच्या घराच्या पुढच्या खोलीत छोटा लेथ टाकला आणि फोनो दुरुस्त करायला लागलो. ग्रामोफोनला आमच्याकडे फोनोच म्हणतात. त्याचे पार्ट बाजारात मिळत नाहीत, घरीच करावे लागतात. मला तेच हवं होतं. चिखलीच्या भंगारवाल्यांकडे फेऱ्या मारायच्या, मोडका फोनो दिसला की उचलायचा. तिथंच एका पोत्यात, गंजलेल्या नळांच्या खाली, मला ही तबकडी मिळाली. लाखेची, काळी, मधला कागद निम्मा उडालेला. काठापासून आत बोटभर तडा. भंगारवाला म्हणाला, "काका, फुटकी हाय, राहू द्या." मी घरी आणली, ब्रशनं पुसली, नवी पिन लावली, चावी दिली.

आणि तसाच उभा राहिलो. बसायचं सुचलं नाही.

आधी तुणतुणं, मग ढोलकी, आणि मग एकदम वरून ती. काचेवर हिरा ओढावा तसा आवाज. पातळ, धारदार, कुठंही न थरथरणारा. गाण्यात राजा नाही, राणी नाही, मैना नाही, शालू नाही. तमाशातल्या बाईचं गाणं म्हटल्यावर जे डोक्यात येतं त्यातलं काहीच नाही.

गाडी गेली, धूर ऱ्हायला, धुरामधी मी उभी
काय झालं, बोलला न्हाई, ठेवली भाकर अर्धी

एवढंच. पुन्हा पुन्हा तेच. नवरा गाडीत बसून गेला, ताटात अर्धी भाकरी ठेवून. का गेला ते नाही, कुठं गेला ते नाही. ती रडत नाही, शिव्या देत नाही. नुसतं सांगते. मी लेथवर माणसांची बोटं गेलेली बघितलीत, त्या वेळी माणूस ओरडत नाही, बोटाकडं बघून सांगतो, 'गेलं.' तसं ती सांगत होती.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत सुटलो. पंधरा-सोळा वर्षांची पोर आहे म्हणायचो, कुणीतरी उचलून फडात आणलेली, आणि बघा काय गळा! डोळ्यांसमोर तिचं चित्रच तयार झालं होतं. दोन वेण्या, बारीक मान, घाबरलेले डोळे, आणि त्यातून हा आवाज. वीस वर्षं मी त्या पोरीला ओळखत होतो.

आता एक गोष्ट सांगायला हवी, पुढचं सगळं तिच्यावरच आहे. फोनोला वेग कमीजास्त करायचा एक काटा असतो. घरी येणारा प्रत्येक पाहुणा तो हलवून बघायचा. गाणारा कधी रेड्यासारखा रेकायचा, कधी चिमणीसारखा चिवचिवायचा, आणि लोक हसायचे. माझ्या डोक्यात तिडीक जायची. तबकडीच्या फेऱ्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तर. फोनोच्या पितळी पट्टीवर तसं कोरलेलं असतं. कोरलेलं म्हणजे ड्रॉइंग, आणि ड्रॉइंगच्या बाहेर जायचं नाही. तेव्हा मी फेऱ्या मोजायचं मीटर लावून फोनो बरोब्बर अठ्ठ्याहत्तरवर आणला, काट्याच्या बुडाशी भोक पाडलं, आटे पाडले, स्क्रू कसला आणि स्क्रूचं डोकं कानशीनं उडवून टाकलं. काटा जाम. ज्याला हलवायचाय त्यानं ड्रिल घेऊन यावं.

बायको म्हणाली होती, "देवळाच्या कळसाला बी एवढं पक्कं बसवत न्हाईत."

मी म्हटलं, "म्हणून तर कळस वाकडे असतात."

तडा थोडा पुढं सरकलेला दिसला तसं मी ती तबकडी लावायचं बंद केलं. कापडात गुंडाळून कपाटात ठेवली. तोंडानं मात्र तिची कीर्ती सांगत राहिलो. गेल्या गणपतीत एका मंडळानं मला फोनो घेऊन बोलावलं. चार-पाच तबकड्या वाजवल्या आणि मग या बाईविषयी बोललो, तिचं नाव घेतलं. कार्यक्रम संपल्यावर एक मुलगी पुढं आली, गळ्यात आयटी कंपनीचं ओळखपत्र. म्हणाली, "काका, तुम्ही जे नाव घेतलंत ना, ते माझ्या आजेसासूबाईंच्या आईचं नाव आहे."

रविवारी ती आजेसासूला घेऊन आली. चिखलीहून रिक्षानं. म्हातारी चौऱ्याऐंशीची, पण जिना माझ्या आधी चढली. नऊवारी, कपाळ मोकळं, हात मोठे, पंजे पुरुषासारखे रुंद. मी तिला आक्का म्हणालो, ती मला भाऊ.

चहा घेताना ती जे बोलली ते ऐकून माझा कप तसाच राहिला.

आक्काची आई गाणाऱ्यांच्या घरातली नव्हतीच. खंडाळ्याच्या अलीकडं खाण होती, तिथं ती रुळाखाली टाकायची खडी फोडायची. नवराही तिथंच. एक दिवस मजुरांची गाडी भरून मुंबईकडं चालली, त्यात तो चढला. बाईला सांगितलं नाही. त्यानं ताटात ठेवलेली अर्धी भाकरी ती फडक्यात बांधून घेऊन आली तेव्हा गाडी हललेली. त्यानंतर तो माणूस कुणाला दिसला नाही.

"म्हंजे ते गाणं..." मी म्हणालो.

"तिचंच. कुनी लिवून दिल्यालं न्हाई. खडी फोडता फोडता म्हनायची. बाया आधी हसल्या, मग रडल्या, मग रोज म्हन म्हनायला लागल्या. जत्रेला फड आला व्हता, त्याच्या सरदारानं ऐकलं. घेऊन गेला."

"तवा वय काय असंल?"

"तिशीच्या पुढची. मी मांडीवर व्हते. ती मला फळीवर दुलईत निजवायची आन् म्होरं हुबी ऱ्हायची."

माझ्या मनातल्या पोरीच्या तर दोन वेण्या होत्या. पण म्हातारी माणसं वयाचे हिशेब चुकतात, असं मनाशी म्हणून मी ते बाजूला सारलं.

फडात सहा वर्षं होती. एका धर्मशाळेत तबकड्यावाले आले होते आपली यंत्रं घेऊन, त्यांनी तिची तीन गाणी घेतली. पुढं एका गावच्या पाटलानं वाड्यावर एकटीला गायला बोलावलं. ही म्हणाली, गाणं ऐकायचं तर चारचौघांत बसून ऐका. फडाच्या सरदारानं समजावलं, मग धमकावलं. ती लेकीला उचलून चालत निघाली ती थेट खाणीवर. ज्या बाईचा आवाज बाजारा-बाजारात वाजत होता, ती पुन्हा हातोडा घेऊन खडी फोडायला बसली. आक्काही शेजारी बसून फोडायची, म्हणून ते पंजे तसे. गाणं बाईनं सोडलं नाही, फक्त तमाशाची फळी सोडली. खाणीच्या धुळीनं छाती भरली. आक्का अकरा वर्षांची असताना ती गेली.

एका माणसात एवढं मावतं कसं, याचा विचार करत मी बसलो होतो. माझ्या खोलीत साहेब, मंत्र्यांचे पीए असे किती येऊन गेले, कुणापुढं मी उठून उभा राहिलो नाही. त्या बाईचं ऐकताना उठून उभं राहावंसं वाटलं आणि राहिलोही, तबकडी काढायचं निमित्त करून.

"आक्का," मी म्हणालो, "तडा वाढतोय. किती वेळा वाजंल सांगता यायचं न्हाई. पण तुमच्यासाठी लावतो."

"भाऊ, मला एकदाच ऐकायचीय," ती म्हणाली. "आन् मला एक बघायचंय."

काय ते बोलली नाही. नातसुनेनं मोबाईल पुढं धरला. मी चावी दिली, पिन टेकवली.

तोच हिरा, तीच काच. पहिलं कडवं संपलं आणि मी अभिमानानं आक्काकडं पाहिलं.

तिचा चेहरा पडला होता. शेवटपर्यंत तिनं ऐकलं. आईचं नाव आलं, गाव येता येता तुटलं. पिन उचलली तेव्हा ती म्हणाली, "नाव तिचं हाय. गळा तिचा न्हाई."

"असं कसं?"

"माझ्या आयचा गळा जाड व्हता. खालचा. भरल्या घागरीसारखा. ही कुनाची तरी पोर हाय."

मग तिनं सांगितलं तिला काय बघायचं होतं. तिचे धाकटे दीर लहानपणी कनातीखालून घुसून फड बघायचे. आक्काच्या आईला त्यांनी समोर उभं राहून गाताना ऐकलेलं. पुढं वडगावच्या बाजारात एका हॉटेलात हीच तबकडी लागलेली त्यांनी ऐकली आणि जन्मभर आक्काला ऐकवलं: "तुझ्या आयनं तबकडीत गायलंच न्हाई वैनी. तिला खाणीवर हाकलली आन् एका पोरीला बसवून तिच्या नावानं गाववून घेतलं." लग्न होऊन आली तेव्हापासून, साठ-पासष्ट वर्षं. कधी थट्टेत, कधी भांडणात. नवरा गेला त्याच्या दहाव्याला सुद्धा. आक्कानं स्वतः कधी तबकडी ऐकलीच नव्हती. ते खोटं बोलतात एवढ्या आधारावर ती होती.

"आता काय बोलायचं," ती म्हणाली. "ते खरंच बोलत व्हते."

इथं मी माती खाल्ली. त्या क्षणी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "आक्का, तुमी अकरा वर्षांच्या व्हता. एवढ्या वर्षांत गळा ध्यानात ऱ्हातो व्हय? यंत्र खोटं बोलत न्हाई. अठ्ठ्याहत्तर म्हंजे अठ्ठ्याहत्तर, मी मीटर लावून बसवलंय. तुमचीच आठवण घसरली असंल."

तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. "भाऊ, ती गेली त्याला सत्तर वरसं वर झाली. माझ्याजवळ तिचा फोटू न्हाई, लुगडं न्हाई. गळा तेवढा व्हता ध्यानात. तो बी घसरला म्हन्ता?"

नातसुनेनं तिचा हात धरला. जिना उतरताना आक्का हळू होती, चढताना नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी बायकोपुढं तेच सुरू केलं. माणसाची आठवण कशी घसरते, लोखंडाची कशी घसरत नाही. बायकोनं ताटात भात वाढला आणि म्हणाली, "मी काल आतून ऐकत व्हते. एक इचारू?"

"इचार."

"म्होरं ती पोर हाय म्हन्ता. मागं झील धरनारे बाप्ये हायेत ना, जी जी करनारे? त्ये बी पोरंच हायेत का? समद्यांचा आवाज असा, की मिसरूड फुटायचीय. फडात येक बी मोठा मानूस न्हवता व्हय?"

मी घास तसाच हातात धरून बसलो.

वीस वर्षं मी तिला ऐकत होतो. तिच्या मागं उभ्या असलेल्या तीन माणसांकडं माझं लक्षच गेलं नव्हतं. फडातले झीलकरी म्हणजे दांडगे गडी, रात्रभर ओरडून घसा फाटलेले. आणि तबकडीवर ते शाळेतल्या पोरांसारखे पातळ.

"भात गार होतोय," बायको म्हणाली.

नातसुनेनं घेतलेलं मोबाईलवरचं रेकॉर्डिंग मी मागवलं. ऐकलं, फक्त मागच्यांना ऐकलं. बायको खरं बोलत होती. मी नातसुनेला फोन केला, "पोरी, हे मोबाईलवर हळू करता येतं का?" तिनं करून पाठवलं. गाणं लांबलं, पण गळा तसाच पातळ. ती म्हणाली, "काका, मोबाईलमध्ये हळू केलं तरी आवाजाची पट्टी तो तीच ठेवतो. दुसरं काहीतरी ॲप शोधावं लागेल." माझा ॲपवर विश्वास नाही. आणि खरं सांगायचं तर मला कळून चुकलं होतं.

तबकडी करतात कशी, हे मी कधीकाळी वाचून घेतलं होतं, एक एक अक्षर लावून. मेणाची चकती फिरते आणि तिच्यावर एक टोकदार हत्यार आवाजानं थरथरत चर कोरत जातं. म्हणजे काय? लेथ. चकती म्हणजे जॉब, कापायचा तुकडा; टोक म्हणजे टूल. गावोगाव नेलेली ती यंत्रं वजन टांगून चालायची, भिंतीतल्या लंबकाच्या घड्याळासारखी. धर्मशाळेत, कुठल्या तरी ओसरीवर, त्या दिवशी ते यंत्र हळू चाललं असणार. जॉबच कमी फेऱ्यांवर कापला गेला होता; तो अठ्ठ्याहत्तरवर पळवला की जाड गळा पातळ होणारच. आणि मी छत्तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस, बारीक कापलेल्या जॉबला पूर्ण मापाचा गेज लावून म्हणत होतो, गेज खरा आहे. गेज खराच होता. वडगावच्या हॉटेलवाल्याचाही खरा होता. अठ्ठ्याहत्तरचा फोनो ज्याच्या ज्याच्याकडं होता, त्या सगळ्यांनी मिळून त्या बाईला पोर केलं होतं.

मी ड्रिल घेतलं. माझाच स्क्रू, मीच डोकं उडवलेला. पहिलं बिट मोडलं. इतका पक्का बसवला होता मी. दुसऱ्यानं गेला. काटा मोकळा झाला तेव्हा पितळेच्या भुशात माझी बोटं काळी-पिवळी झालेली आणि बायको दारात उभी. तिनं काही टोमणा मारला नाही, तेच जास्त लागलं.

पण किती हळू? याचं ड्रॉइंग जगात कुठंच नव्हतं. मीटर होतं, पण मीटरला कुठल्या आकड्यावर थांबायचं ते कोण सांगणार? तडा आता पार शेवटच्या ओळीपर्यंत पोचला होता. घरी लावून प्रयोग करायचे तर तबकडी हातात फुटायची. हा आकडा एकाच माणसाच्या कानात होता, आणि त्याच माणसाला मी सांगितलं होतं की तुमची आठवण घसरली.

बुधवारी सकाळी फोनो रिक्षात घालून चिखलीला गेलो. सातव्या मजल्यावर घर. नातसून घरूनच काम करत होती, तिनं दार उघडलं. आक्का खिडकीपाशी मेथी निवडत बसली होती. मला पाहून म्हणाली, "आता काय राह्यलं, भाऊ?"

"चुकलो," मी म्हणालो.

आयुष्यात हा शब्द मी फोरमनपुढं काढला नव्हता, बापापुढं काढला नव्हता. तिला सगळं सांगितलं. लेथ, मेण, वजन, झीलकरी. तिला त्यातलं किती कळलं माहीत नाही. ती मेथी निवडत राहिली.

"नगं," ती म्हणाली. "येकदा ऐकून बसलेय. परत तीच पोर निघाली तर? जाऊ द्या. आता माझ्याजवळ जेवढं हाय तेवढं ऱ्हाऊ द्या."

नातसून मध्ये पडली. "आजी, मी तुम्हाला मागं मोबाईलवर ऐकवलं होतं ना, अमेरिकेतल्या काळ्या मजूर बायकांची गाणी? शंभर वर्षांपूर्वीची? तेव्हा तुम्ही काय म्हणाला होता?"

"काय म्हनाले?"

"भाषा कळत नाही, पण बाई खडी फोडून आलीय, एवढं कळतं."

आक्का हसली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "कळ कोन फिरवनार?"

"तुमी," मी म्हणालो. "मी चावी देतो. कुटं थांबायचं ते तुमचं तुमी बघा."

फोनो जेवणाच्या टेबलावर ठेवला. तिचं बोट काट्यावर आणून ठेवलं आणि दाखवलं, इकडं हळू, तिकडं जोरात. काटा पार हळूवर नेऊन ठेवला. तबकडी फिरायला लागली तशी मी तिच्या काठावर दोन बोटं हलकेच टेकवून ठेवली, जेणेकरून तडा पिनेखाली येताना कडा वरखाली होऊ नयेत. त्यानं फेरे आणखी मंदावतील हे मला माहीत होतं, पण इलाज नव्हता. मीटर माझ्या खिशात होतं. काढलं नाही.

तुणतुणं रेंगाळत आलं, झोपेतून उठल्यासारखं. मग गळा. जाडाभरडा, जवळजवळ बाप्याचा. आक्काच्या कपाळाला आठी पडली. तिनं बोट जरासं सरकवलं. गळा वर आला. आणखी जरा. पुन्हा थोडं मागं. भाजीत मीठ बघावं तसं ती करत होती, एकदा सुद्धा माझ्याकडं न बघता. आणि मग बोट थांबलं.

ती बाई खोलीत आली. मला दुसरं कसं लिहायचं कळत नाही. भरली घागर. खोल, रुंद, उन्हात राबलेली, दोन वेण्या नसलेली, कुणाला न घाबरलेली बाई. मागं तीन गडी, घसा फाटलेले. ढोलकीला पोट आलं. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी मला असं काही ऐकू आलं की जे वीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

धुरामधी मी उभी... हं.
ठेवली भाकर अर्धी... हं.

"हातोडा," आक्का पुटपुटली. "घाव घालताना श्वास सोडती ती. हं. मी बी सोडते. आमी दोघी सोडायचो." आणि तिनं दुसरा हात मांडीवर आपटला, बरोबर त्या हंवर. चौऱ्याऐंशी वर्षांचा तो रुंद पंजा आणि सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचा तो श्वास एकाच वेळी खाली येत होते. माझी बोटं तबकडीवर होती, मी हलू शकत नव्हतो. नाहीतर मी काय केलं असतं ते मलाच माहीत नाही.

"फोन लाव," आक्का एकदम नातसुनेला म्हणाली. "भावजींना लाव. लवकर."

दीर वडगावकडं मुलाच्या घरी, अंथरुणाला खिळलेले, नव्वदीला टेकलेले. फोन उचलला तो खोकतच.

"भावजी, बोलू नगा. ऐका."

नातसुनेनं मोबाईल भोंग्यापाशी धरला. दुसरं कडवं संपत आलं होतं. पलीकडचा खोकला थांबला. तडा पिनेखाली दर फेऱ्याला टक्, टक् वाजत होता. शेवटची ओळ. हं. मग ढोलकी तुटली आणि बाईनं आपलं नाव सांगितलं, घाईनं नाही, ठामपणे, चार माणसांत कुणी कोण म्हणून विचारल्यावर सांगावं तसं. आणि या वेळी, वेग बरोबर असल्यामुळं असेल किंवा मी आता कान देऊन ऐकत होतो म्हणून असेल, गावाचं पहिलं अक्षरही ऐकू आलं.

मी पिन उचलली. फोनवर काहीच नाही.

"भावजी, हाय का?"

"हाय."

"कुनाचा गळा?"

पलीकडं पुन्हा एकदा खोकला आला. मग म्हातारा म्हणाला, "तुझ्या आयचा."

आक्कानं नातसुनेच्या हातातून फोन घेतला.

"मग हॉटेलात व्हती ती कोन?" फोनमधून आलं, जरा चिडूनच.

"तीच व्हती. मशीन पळत व्हतं."

"येवढी वरसं मशीन पळत व्हतं?"

"व्हय."

माफीचा शब्द त्या माणसाच्या तोंडून येणार नाही हे मला कळत होतं. मी त्याच जातकुळीचा. तसा तो आलाही नाही.

"वैनी," तो म्हणाला, "जेवलीस का?"

"न्हाई अजून. मेथी निवडत व्हते."

"जेव मग. उशीर करू नगंस."

"जेवते, भावजी," आक्का म्हणाली.

तिनं फोन नातसुनेकडं दिला, उरलेली मेथी पदरात गोळा केली आणि आत गेली. थोड्या वेळानं फोडणीचा आवाज आला. मला कुणी थांबा म्हटलं नाही आणि मी निघालोही नाही. त्या दिवशी मी तिथंच जेवलो. मेथीची भाजी आणि भाकरी. आक्कानं मला दोनदा वाढलं.